मस्टरवरचं नाव

१९७१ सालच्या मार्चमध्ये जनगणनेचे मोजणीदार वाडीवर आले, तेव्हा आक्का खळ्यावर होत्या. शाळूची मळणी चालली होती. ओसरीवर सासरे होते. त्यांनीच घरातल्या माणसांची नावं सांगितली, वयं अदमासानं सांगितली. थोरली सून काय करते, असं मोजणीदारांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘घरकाम.’ रात्री जेवताना धाकट्या दिरानं ही गोष्ट सांगितली. आक्कांना तेव्हा त्याचं काही वाटलं नाही आणि आज नव्वदीला टेकल्यावरही वाटत नाही. ‘रान बी घरचंच, खळं बी घरचंच. मग घरकामच की त्ये,’ असं त्या म्हणतात.

मला मात्र वाटतं. त्या दिवशी गावोगावच्या ओसऱ्यांवर हेच उत्तर दिलं गेलं आणि ते देशाच्या कागदावर चढलं. १९६१ च्या जनगणनेत काम करणाऱ्या स्त्रिया ५ कोटी ९० लाखांच्या वर होत्या. १९७१ ला त्या ३ कोटी १० लाखांच्या आसपास उरल्या. पावणेतीन कोटींहून अधिक बाया दहा वर्षांत खुरपं टाकून घरी बसल्या, असं काही झालेलं नव्हतं. प्रश्न बदलला होता. ६१ ला हंगामात रोज तासभर नियमित काम करणारी बाईसुद्धा कामकरी धरली होती; ७१ ला प्रत्येकाचा मुख्य उद्योग विचारला गेला. आणि बाईचा मुख्य उद्योग कोणता, हे बहुतेक ठिकाणी घरच्या कर्त्या पुरुषानं सांगितलं.

आक्कांची वाडी माणदेशात आहे. साताऱ्याचे माण आणि खटाव, सांगलीचे आटपाडी, खानापूर आणि जत, सोलापूरचा सांगोला हा सगळा सलग पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरला हजारांनी मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या या टोकाला वर्षाकाठी ५०० मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. तोही परतीचा. म्हणून इथली खरी सुगी रब्बीची, शाळूची. खरिपाला बाजरी, तिच्यात मटकी, हुलगा, तूर. एवढ्यावर घर चालत नाही, त्यामुळं इथल्या पुरुषानं पिढ्यान्‌पिढ्या बाहेरची वाट धरली. माण-खटावचे गडी मुंबईच्या कापडगिरण्यांत गेले, गोदीत आणि बाजारपेठेत माथाडी झाले; खानापूर-आटपाडीचे गलाई कामगार सोनं-चांदी गाळायला देशभरातल्या शहरांत पांगले. माणदेशातल्या माणसांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ लिहून हा मुलूख महाराष्ट्राला दाखवला. पण पुरुष निघून गेल्यावर जे रान मागं राहिलं ते कुणी केलं, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. ते बायांनी केलं. या भागात ‘कुटुंबाची शेती’ म्हणजे पुष्कळ घरांत बाईची शेतीच होती.

आक्कांचं लग्न ‘गांधीबाबाला मारलं त्या सालात’ झालं, म्हणजे १९४८ ला. तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. नवरा लग्नाआधीपासूनच परळच्या एका गिरणीत होता. वर्षातून दोनदा यायचा, गावच्या जत्रेला आणि दिवाळीला, आठ-पंधरा दिवस राहून परत जायचा. घरात सासू-सासरे, दोन दीर, एक विधवा आत्या, पुढं जावा आणि पोरं. अकरा एकर जिरायत, त्यातल्या दीड एकराला विहिरीचं पाणी, तेही होळीपर्यंतच. सासरे दम्यानं लवकर बसले आणि पंचविशीच्या आत रानाचा कारभार आक्कांकडे आला. आला म्हणजे कुणी दिला असं नाही. करणारं दुसरं कुणी नव्हतं.

दिवस जात्यापासून सुरू व्हायचा. अकरा-बारा माणसांच्या घराला दीड-दोन पायल्या ज्वारी रोज दळावी लागे. एकटीनं ओढलं तर खांदा भरून येतो, म्हणून दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरायच्या. एकीनं ओढत ओढत दुसऱ्या हातानं घास वैरायचा. उजाडायच्या आत पीठ झालं पाहिजे. मग शेणघाण, आडाचं पाणी, भाकरी, आणि दिवस हातभर वर यायच्या आत रानात. जात्याची आठवण निघाली की लोकांना ओव्या आठवतात, आणि ते खरंच आहे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या; तो ठेवा आता पारी या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो आणि प्रत्येकानं तो ऐकायला हवा. पण ओवीच्या गोडव्यामागं अंधारात केलेले दोन तासांचे कष्ट होते. वाडीपासून कोसभरावरच्या गावात डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी आली तेव्हा आक्का डोक्यावर दळण घेऊन कोसभर चालत गेल्या आणि कोसभर चालत आल्या, आणि तरी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. ‘ववी काय, मागनं बी म्हणता येती,’ असं त्या म्हणाल्या. त्या ओव्या हरवल्याचं दुःख मला आहे. ते दुःख त्यांनीही करावं, असं मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

पेरणीचं मात्र त्या तासभर बोलल्या, आणि तेही बसल्या जागेवरून हात करून. हस्ताचा पाऊस झाला, वाफसा आला की पाभर जुंपायची. पाभर हाकायला दीर किंवा शेजारचा गडी असे. चाड्यावर आक्का. चाडं म्हणजे लाकडी वाटीसारखं तोंड, त्याच्या भोकांतून नळे खाली फणापर्यंत गेलेले. ओटीत बी घ्यायचं आणि पाभरीमागं चालता चालता मुठीतून ते चाड्यात सोडायचं. मूठ सैल झाली तर दाट उगवतं आणि पुढं कणीस भरत नाही. आवळली तर रानात टकलं पडतं. बैल चढाला हळू होतात तेव्हा मूठ धरायची, उताराला सुटतात तेव्हा सोडायची. एखादा नळा मातीनं तुंबला तर बी पडल्याचा आवाज बदलतो. आक्का तो आवाज ऐकायच्या. नळा तुंबलेला कळला नाही तर एक ओळ सबंध रानभर कोरी जाते आणि पंधरा दिवसांनी ती अख्ख्या शिवाराला दिसते. एकराला बी किती लागलं, कुठल्या पट्टीत माती हलकी आहे, कुठं ओल खोल आहे, हे सगळं त्या मुठीत असायचं. कृषी महाविद्यालयात याचा अभ्यासक्रम असतो. आक्कांनी ते सासूच्या मागं चालत शिकून घेतलं. नांगराला मात्र बाईनं हात लावायचा नाही, असा दंडक होता. बाईनं नांगर धरला तर पाऊस जातो, असं म्हणत. त्यामुळं एरवी सगळं रान पेलणाऱ्या बाईला नांगरटीच्या वेळी कुणा गड्याचे पाय धरावे लागत, आणि त्या बदल्यात त्याच्या रानात चार दिवस भांगलायला जावं लागे. अशी सावड गावात सर्रास चाले, पण बाईच्या घराला ती नेहमी महाग पडे.

बियाण्याचा कारभार पूर्ण बायांचा. खळ्यावर कणसं आली की मळणीच्या आधी आक्का आणि सासू ढिगावर बसत आणि बियाण्याची कणसं वेगळी काढत. गच्च भरलेलं, दाणा टपोरा आणि मोत्यासारखा पांढरा, काणी नसलेलं, मधल्या रानातलं. बांधाकडेचं कणीस बियाण्याला घ्यायचं नाही. ही कणसं जुडी बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगत. वर्षभराच्या धुरानं त्यांना कीड लागत नसे. पेरणीच्या आधी ती हातानं मळून, पाखडून, पुन्हा निवडून घेत. कडधान्याचं बी राख आणि लिंबाचा पाला घालून गाडग्यात भरायचं, तोंड शेणामातीनं लिंपायचं आणि उतरंडीला लावायचं. कुठल्या गाडग्यात काय आहे हे घरातल्या पुरुषाला सांगता येत नसे. देशात ज्वारीचं पहिलं संकरित वाण १९६४ ला आलं, बाजरीचं १९६५ ला. खरिपाला पीक वाढलं यात शंका नाही, आणि उपाशी पोटाला ते हवंच होतं. पण संकरित बी दर साली विकत घ्यावं लागतं. ते तालुक्याच्या दुकानातून आणायचं, पैसे मोजायचे, पावती घ्यायची, आणि हे काम पुरुषाचं. बाजरीची कणसं चुलीवर टांगायची बंद झाली. शाळूचं मात्र तसं झालं नाही. मालदांडी हे शाळूचं वाण अजून घरच्या बियाण्यावर चालतं, आणि आक्कांची सून आजही कणसं निवडते.

दुधाचंही असंच झालं, आणि ते लोकांच्या लक्षात राहिलेलं नाही. घरात एक म्हैस, दोन शेळ्या आणि कोंबड्या होत्या. दूध पोरांच्या तोंडी जाऊन उरेल ते विरजायचं, ताक घरात आणि शेजारी फुकट वाटायचं, लोण्याचं तूप कढवायचं. तूप आणि अंडी आठवड्याच्या बाजारात नेऊन आक्का विकत. हे पैसे त्यांचे. मीठ, तेल, बांगड्या, पोराची पाटी, माहेराला जायचं एसटीचं भाडं, दुखण्याखुपण्याची पुडी, सगळं त्यातून. गाठीला बांधलेल्या त्या चिल्लरीचा हिशेब सासऱ्यानंही कधी मागितला नाही. पुढं गावात दूध संस्था आली. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीत, फॅट लावून मोजणी, दहा दिवसांनी बिल. घरात आलेला पैसा वाढला. पण सभासद कोण? ज्याच्या नावावर घर आणि रान आहे तो. वैरण कापणं, शेण काढणं, धार काढणं आक्कांकडेच राहिलं आणि बिलावर सासऱ्यांचा अंगठा लागू लागला. सहकारी दूध धंद्यानं महाराष्ट्रातली लाखो घरं तारली, हे मी मान्य करतो. त्याच धंद्यानं बाईच्या गाठीची चिल्लर पुरुषाच्या पासबुकात नेली, हेही त्याच्या इतिहासात लिहून ठेवायला हवं.

आक्कांचं सांगताना एक गोष्ट मी विसरू देणार नाही. त्यांच्या रानाला भांगलणीला ज्या बाया रोजानं यायच्या, त्यांचं जगणं याहून कठीण होतं. आक्कांना स्वतःची कणगी होती, त्या रोजंदार बायांना संध्याकाळी मिळणाऱ्या पायली-मापट्यावर चूल पेटवायची होती. गड्याला जो रोज मिळे त्याच्या निम्मा, फार तर थोडा वर बाईला. त्यातल्या महारवाड्यातून येणाऱ्या बायांना विहिरीवर पाणी शेंदता येत नसे, त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जाई. ओतणारे हात आक्कांचेच. ‘तवा तसंच हुतं,’ एवढं बोलून त्या बराच वेळ गप्प बसल्या. दलित बायांनी काय सोसलं ते शेजारच्याच फलटणच्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये लिहून ठेवलं आहे. माणदेशातल्या शेतकरी बाईबद्दल वाचणाऱ्यानं ते पुस्तकही वाचावं, म्हणजे बांधाच्या दोन्ही बाजू कळतात.

मग १९७२ आलं.

त्याआधीची दोन वर्षंही तोकडीच गेली होती. ७२ ला मृग गेला, आर्द्रा गेली, हस्तसुद्धा कोरडा गेला. चाड्यावर मूठ धरायची वेळच आली नाही. वैरण संपली, बैल कवडीमोलानं विकले. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरावं लागे. मुंबईची मनीऑर्डर यायची, पण बाजारात धान्य नव्हतं. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना फाटायची, आणि पोरं तोंड फिरवायची. सरकारनं जागोजागी दुष्काळी कामं काढली : पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा ५ कोटी होती. दर दहा माणसांमागं एक जण त्या कामावर. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्यापुढं ‘घरकाम’ लिहिलं गेलं होतं, त्या बाया लाखोंनी उन्हात दगड फोडत होत्या.

आक्का पहिल्या दिवशी तोंडावर पदर ओढून गेल्या. चांगल्या घरची सून रोजानं जाते म्हणून सासू दोन दिवस बोलली नाही. कामावर मुकादमानं नाव विचारलं. आक्कांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं टाळलं, म्हणून बरोबरच्या बाईनं सांगितलं. मुकादमानं ते मस्टरवर लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते मोठ्यानं पुकारायला लागला. आक्कांचं स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. सासरी कुणी त्यांना त्या नावानं हाक मारली नव्हती. थोरली, वहिनी, अमक्याची आई, एवढंच. मतदारयादीत नाव होतं म्हणा, पण ती यादी पाच वर्षांनी एकदा निघायची. काम करणारी बाई म्हणून त्यांचं नाव कागदावर पहिल्यांदा चढलं ते या मस्टरवर. शनिवारी पगार. ब्रासवर खडी मोजायची, रक्कम पुकारायची, अंगठा घ्यायचा आणि नोटा बाईच्याच हातात द्यायच्या. ‘पयल्या पगाराला माजा हात कापत हुता,’ आक्का म्हणाल्या. ‘एवढा पैसा माज्या नावानं कुणी दिलाच नव्हता.’

खडीचे तुकडे डोळ्यात जात. हाताला फोड येऊन फुटत. तान्ही पोरं झाडाला बांधलेल्या झोळीत, मोठी पोरं सुकडीच्या रांगेत. दुष्काळाचं गुणगान करावं असं त्यात काही नाही, आणि आक्काही करत नाहीत. आटपाडीकडच्या एका मावशींनी सांगितलं की त्यांची मुलगी त्याच कामावर हगवणीनं गेली. तरीसुद्धा या पट्ट्यातल्या जितक्या म्हाताऱ्या बायांशी बोललो, त्यांतल्या बहुतेकींनी खडीच्या कामाचं सांगताना ते पुकारलेलं नाव आणि हातात पडलेल्या नोटा या दोन गोष्टी न विचारता सांगितल्या. एकीनं पहिल्या पगारातून छत्री घेतली होती. एकीनं सावकाराकडची नथ सोडवली होती. आक्कांनी सासूला लुगडं घेतलं, मग सासू बोलायला लागली.

त्या कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. त्यांनी १९६५ ला तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग केला होता, म्हणजे याच दुष्काळी मुलखात. १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि पुरुषाला जो दर तोच बाईला. या दुसऱ्या अटीचं मोल गावात राहिलेल्यालाच कळेल. बांधावर निम्मा रोज देणाऱ्या शेतकऱ्याला आता बाईला बरा दर द्यावा लागे, नाहीतर ती हमीच्या कामावर जाई. पुढं २००५ ला केंद्राचा रोजगार हमीचा कायदा झाला त्याचं मूळ इथं आहे. महाराष्ट्रानं देशाला दिलेल्या कायद्यांत याचा मान मोठा, आणि तो ज्या हातांनी उभा केला त्यात बायांचे हात फार होते.

आक्कांच्या घरी मात्र मस्टरवरचं नाव फार दिवस टिकलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्षभर वाट पाहून आक्कांचे मालक, म्हणजे नवरा, गावी परतले, ते कायमचे. तेहतीस-चौतीस वर्षं ते पाहुण्यासारखे येऊन गेले होते. कुठल्या पट्टीत ओल टिकते हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हशीला ते परके होते. स्वभावानं ते चांगले होते, आक्का त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द बोलत नाहीत. गिरणी सुटल्याचं दुःख त्यांना आतून पोखरत होतं, हेही त्या सांगतात. पण ते परतल्यापासून विकास सोसायटीचं कर्ज, बियाण्याची पावती, डेअरीचं बिल, वीज मोटारीचा अर्ज, सगळीकडे शेतकरी म्हणून त्यांची सही होऊ लागली. ते नसताना कर्जासाठी आक्का सोसायटीत गेल्या होत्या, तेव्हा त्यांना खातेदाराला घेऊन या असं सांगितलं होतं. खातेदार परळला होता. तीस वर्षं शेती केलेली बाई खातेदार नव्हती आणि तीस वर्षं माग चालवलेला माणूस होता.

या जागी कुणीतरी बोट ठेवलं ते १९८६ ला. नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं, लाखावर बाया आल्या. शेतमालाच्या भावासाठी लढणाऱ्या संघटनेनं घरातल्या बाईच्या हिश्शाचा प्रश्न तिथं उघड मांडला. पुढं संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली : शेतकऱ्यानं आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावानं करावा. ज्या गावात शंभर जण तसं करतील त्या गावाला जोशी स्वतः जायचे. हजारो शेतकऱ्यांनी ते केलं. ही मोहीम सर्वांत मोलाची का, तर तिला कोर्टकचेरी लागली नाही. नवऱ्यानं सकाळी ठरवलं, दुपारी तलाठ्याकडे गेला, इतकं ते सरळ होतं. तरी माणदेशात तिची हवा फारशी पोचली नाही. इथं बायांना वाट निघाली ती दुसरीकडून. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ ला उभी राहिली. प्रवर्तक बाया अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. त्या सही शिकून आल्या, व्याज तोंडी करून दाखवू म्हणाल्या, आणि परवाना मिळवला. आक्कांच्या धाकट्या जावेचं त्या बँकेत खातं आहे. शेळ्यांवर काढलेलं कर्ज तिनं फेडलं, पुन्हा काढलं.

कायदाही हळूहळू पुढं सरकत होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि मुलीला वारस केलं, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क मुलालाच ठेवला. महाराष्ट्रानं १९९४ ला तो मुलीलाही दिला. मात्र आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ ला केंद्रानं ती अट काढली. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात होते की नाही, यावरून पुढं पंधरा वर्षं वाद चालले, ते सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या ऑगस्टमध्ये मिटवले. आज कायद्यात मुलगी आणि मुलगा सारखे आहेत. आणि तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेती कसणाऱ्या खातेदारांत बाया जेमतेम १४ टक्के होत्या.

का, ते आक्कांच्या सातबाऱ्यावर वाचता येतं. मालक १९९९ ला वारले. तलाठ्यानं वारस नोंद केली : बायको, दोन मुलगे, तीन मुली. अकरा एकरांवर आक्कांचं नाव पहिल्यांदा लागलं, चौसष्टाव्या वर्षी, कुंकू पुसल्यावर. दोन वर्षांनी भाऊबीजेला मुली माहेरी आल्या, तेव्हा भावांनी त्यांना तालुक्याला नेलं आणि हक्कसोडावर सह्या घेतल्या. मुलींनी आनंदानं दिल्या, असं आक्का सांगतात. ‘माहेर तुटाया नको,’ ही भीती त्या आनंदाच्या खाली होती, तीही त्याच सांगतात. पुढं मुलांची वाटणी झाली. आईला दोन्ही घरी सहा-सहा महिने जेवण ठरलं आणि जमिनीवरून तिचं नाव कमी झालं. कमी झालेलं नाव तेव्हा सातबाऱ्यावर कंसात जायचं. ते पुसत नसत. मी तो जुना उतारा पाहिला. चार नावं कंसात आहेत, आईचं आणि तिन्ही लेकींचं. मुलगे नेक आहेत, आईला जपतात. त्यांनी गावाच्या रीतीप्रमाणं केलं, आणि त्यांच्या जागी गावातल्या बहुतेकांनी हेच केलं असतं. माझं भांडण त्या रीतीशीच आहे. जिनं हे रान तीस वर्षं एकटीनं पेरलं, तिचं नाव त्यावर दोन-तीन वर्षंच टिकलं.

वाचकहो, हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा घरोघरी लेकी माहेरी आलेल्या असतील. भाऊबीजेच्या ताटाशेजारी हक्कसोडाचा कागद ठेवू नका. बहिणीला तिचा हिस्सा काय आहे ते आधी नीट सांगा, मग ती काय म्हणते ते ऐका. आणि घरच्या जमिनीचा ताजा उतारा काढून बघा, त्यावर बायकोचं नाव आहे का. नसेल, तर त्यासाठी नवऱ्यानं मरावं लागत नाही. लक्ष्मीमुक्तीच्या नावानंच शासनाची योजना १९९२ पासून आहे. नवऱ्यानं हयातीत तहसील कार्यालयात अर्ज केला, तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. दिवाळीची सुट्टी संपून कार्यालय उघडलं की तेवढा अर्ज देऊन या.